हमरस्त्याचे दिवे आणि सर्वांचे आकाश

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या देशात कित्येक वाड्यावस्त्यांवर अजूनही संध्याकाळची वीज धड टिकत नाही, त्या देशात कोणी अंधाराची बाजू घेऊन बोलू लागला, तर कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडणे स्वाभाविक आहे. गावात वीज यावी म्हणून अर्जविनंत्या झाल्या, मोर्चे निघाले, आणि चौकातल्या खांबावर पहिला दिवा लागला तेव्हा साऱ्या गावाला सणासारखा आनंद झाला, हा इतिहास फार जुना नाही. तेव्हा महामार्गावरील दिव्यांमुळे आकाशातील तारे दिसेनासे झाले, ही तक्रार पोट भरलेल्या हौशी मंडळींची आहे, असा आक्षेप प्रथम येतो. तो आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. म्हणून या विषयाची मांडणी त्यालाच सामोरे जाऊन केली पाहिजे.

मुळात भांडण उजेडाशी नाही. रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगाराच्या, पाण्याला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या, शिकवणीहून घरी येणाऱ्या मुलीच्या पायाखाली उजेड पडलाच पाहिजे. प्रश्न आहे तो त्यांच्या पायाखाली न पडता वर आणि आडवा निघून जाणाऱ्या उजेडाचा. हा उजेड कोणाच्या वाटेवर पडत नाही, कोणाला वाचायला उपयोगी पडत नाही. त्याच्या विजेचे पैसे मात्र कर, टोल अथवा नगरपालिकेचे बिल अशा कोणत्या ना कोणत्या रूपाने जनताच भरते. आणि एवढे करून तो सर्वांच्या मालकीची एक गोष्ट नाहीशी करतो. ती गोष्ट म्हणजे रात्रीचे आकाश.

काय नाहीसे होते, हे आधी नीट पाहिले पाहिजे. खरोखर अंधाऱ्या जागी, अमावास्येच्या आसपास, स्वच्छ आकाशात साध्या डोळ्यांना एका वेळी दोन हजारांहून अधिक तारे दिसू शकतात. मोठ्या शहराच्या मध्यभागी ही संख्या काही डझनांवर येते. शुक्र आणि गुरू हे ग्रह कोणत्याही उजेडात दिसतात. त्यामुळे वर पाहणाऱ्याला आकाश शाबूत आहे असा भास होत राहतो. सर्वांत आधी जाते ती आकाशगंगा. मग देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका जातो. सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला तो प्रकाश कोणत्याही उपकरणावाचून माणसाच्या डोळ्यांत शिरू शकत होता. मग कृत्तिकांचा पुंजका धूसर होतो. सप्तर्षीतील सात तारे कसेबसे उरतात, पण वसिष्ठाशेजारची अरुंधती दिसेनाशी होते. लग्नात अरुंधती दाखवण्याचा विधी आजही होतो. शहरातील मंगल कार्यालयाच्या अंगणातून भटजी बोट दाखवतात आणि वधूवर मान डोलावतात, एवढेच.

या आकाशाचे एक सामाजिक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षकी पेशातील गृहस्थ. त्यांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला आणि या देशातील खगोलविद्येचा इतिहास मराठी वाचकाच्या हाती दिला. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, तीही हौशी आकाशनिरीक्षकांची. ग्रंथ विकत घ्यावे लागतात, दुर्बिणीला पैसे पडतात, प्रयोगशाळेला इमारत लागते; परंतु आकाश मात्र कोणत्याही गावाच्या वेशीबाहेर फुकट मिळत होते. शेतमजुराच्या मुलाला आणि जमीनदाराच्या मुलाला ते सारखेच मिळत होते. विज्ञानाच्या एवढ्या मोठ्या दालनात प्रवेशशुल्क नव्हते, ही गोष्ट लहान नाही.

हे दालन किती वेगाने बंद होत आहे, याची मोजमापे झालेली आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशाप्रमाणे जगातील ८३ टक्के लोक कृत्रिम प्रकाशाने उजळलेल्या आकाशाखाली राहतात, आणि मानवजातीच्या एक-तृतीयांशाहून अधिक लोकांना राहत्या जागेहून आकाशगंगा दिसत नाही. २०२३ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २०११ ते २०२२ या काळात सामान्य नागरिकांनी केलेली ५१,३५१ निरीक्षणे त्यात तपासली गेली. आकाशाची उजळण सरासरीने दरवर्षी ९.६ टक्क्यांनी वाढत आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. याचा अर्थ, आठ वर्षांच्या आत दुप्पट. जेथे अडीचशे तारे दिसतात अशा ठिकाणी जन्मलेल्या मुलाला, ही गती अशीच राहिली तर, अठराव्या वर्षी तेथून सुमारे शंभरच तारे दिसतील. ही निरीक्षणे मुख्यतः युरोप व उत्तर अमेरिकेतील आहेत. आशिया-आफ्रिकेतील फार थोडी. आपल्या आकाशाचे काय होत आहे याची पुरेशी नोंदही कोणी ठेवलेली नाही.

आता महामार्गाच्या दिव्याने हे कसे घडते ते पाहू. दिव्यातून निघालेला प्रकाश तीन वाटांनी आकाशात जातो. पहिली वाट सरळ वरची. दुसरी आडवी, म्हणजे क्षितिजाच्या किंचित वरच्या कोनात जाणारी. तिसरी रस्त्यावर आपटून परत फिरणारी. यांतील दुसरी वाट दूरच्या आकाशाला सर्वाधिक घातक आहे. कारण आडवा प्रकाश हवेच्या खालच्या, दाट थरातून मैलोगणती प्रवास करतो आणि वाटेत धुळीवर व हवेच्या रेणूंवर आदळून विखुरत जातो. मोठ्या शहराचा उजेड शंभर किलोमीटरवरूनही क्षितिजाशी दिसतो तो यामुळे. शहराचा दिवा एका जागी असतो. महामार्ग तोच दिवा रांगेने अंधाऱ्या मुलखात घेऊन जातो. बाहेरच्या कडेला वाकवलेला पथदिवा, उघड्या बल्बचा शोभेचा खांब आणि चौफुलीवर उंच उभारलेला हायमास्ट हे आडवा प्रकाश फेकणारे मुख्य प्रकार होत. रस्ता डांबरी असेल तर तो थोडाच प्रकाश परत फेकतो. सिमेंट-काँक्रीटचा असेल तर पुष्कळ अधिक. काँक्रीटच्या रस्त्याला म्हणूनच कमी दिव्यांनी भागायला हवे. प्रत्यक्षात रस्ता काँक्रीटचा होतो आणि दिवेही वाढतात.

दिव्याच्या रंगाचाही संबंध आहे. निळा प्रकाश हवेत पिवळ्यापेक्षा अधिक विखुरतो. दिवसा आकाश निळे दिसते त्याचे कारणही हेच. जुन्या सोडियम दिव्याचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा असतो. पांढऱ्या एलईडीतील निळा भाग ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, आणि स्वच्छ हवेत तो सोडियमच्या पिवळ्यापेक्षा सुमारे तिप्पट विखुरतो. पिवळे दिवे काढून निळसर पांढरे लावले की वीज वाचते, पण आकाश अधिक उजळते, ते या कारणाने. यात आणखी एक गोम आहे. रात्रीच्या पृथ्वीची मोजणी करणाऱ्या प्रमुख उपग्रहाच्या यंत्राला हा निळा भाग दिसतच नाही. त्यामुळे उपग्रहाच्या नोंदीत शहर मंदावलेले दिसू शकते आणि त्याच वेळी जमिनीवरून पाहणाऱ्याचे तारे मात्र कमी झालेले असतात.

भारतात ५ जानेवारी २०१५ रोजी राष्ट्रीय पथदीप कार्यक्रम सुरू झाला आणि त्याखाली एक कोटीहून अधिक जुने दिवे बदलून एलईडी बसवण्यात आले. विजेची बचत झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु उजेड स्वस्त झाला की तो जपून वापरण्याची सवय सुटते. पूर्वी जेथे एक दिवा पुरत असे तेथे चार लागतात, आणि जेथे एकही नव्हता तेथे रांग उभी राहते. पौर्णिमेचे चांदणे जमिनीवर पाव लक्सच्या आसपास असते. भारतीय मानक ब्यूरोच्या पथदीप-संहितेत सर्वांत वर्दळीच्या रस्त्यांसाठी सरासरी ३० लक्स सांगितले आहेत. म्हणजे पौर्णिमेच्या शंभरपटीहून अधिक. रहदारीच्या वेळी तेवढे हवे असेलही. रात्री दोन वाजता, ओसाड माळावर, एखाददुसऱ्या मालमोटारीसाठी तेवढेच का हवे, हे कोणी विचारत नाही.

ते कोणी विचारत नाही याचे कारण निर्णय कोठे होतात यात आहे. महामार्गाचे अंदाजपत्रक करताना किती खांब, किती वॅट, कोणती कंपनी, याची गणती होते. प्रकाश कोठे पडू नये याचा रकाना त्या कागदावर नसतो. गावपातळीवर हायमास्ट ही राजकारणातली लाडकी वस्तू होऊन बसली आहे. शाळेचा शिक्षक वेळेवर यावा यासाठी केलेले काम दिसत नाही, पाण्याची गळती थांबवली तर ती दिसत नाही; पण निधीतून उभारलेला उंच खांब पाच गावांतून दिसतो आणि त्याखाली नावाची पाटीही लागते. त्याच महाराष्ट्रात २०२१ साली थकबाकीपोटी अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडण्यात आली, हेही विसरता येणार नाही. बाह्यवळणावर खांबांची रांग लखलखत आहे आणि तिथून हाकेच्या अंतरावर दलित वस्तीच्या बोळात अंधार आहे, असे दृश्य पाहायला फार लांब जावे लागत नाही. उजेडाच्या वाटणीतील हा अन्याय आणि आकाशाची हानी या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. गरज कोठे आहे हे न विचारता दिवे लावण्याच्या एकाच पद्धतीतून दोन्ही निपजतात.

शेतकऱ्याचाही यात सरळ संबंध आहे. सोयाबीन हे रात्रीच्या लांबीवरून फुलोऱ्याची वेळ ठरवणारे पीक आहे. रात्रभर दिव्याच्या झोतात राहिलेली रोपे फुलायला आणि पिकायला उशीर लावतात. शेजारचे शेत वाळून काढणीला आले तरी दिव्याखालचा पट्टा हिरवाच राहतो. विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनच्या शेतांमधून आज नवनवे महामार्ग जात आहेत. वर आडवा गेलेला उजेड ताऱ्यांवर पडदा टाकतो, खाली आडवा गेलेला उजेड पिकाचा हिशेब बिघडवतो.

सुरक्षिततेचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे आणि त्याला सफाईदार उत्तर देऊन चालणार नाही. इंग्लंड व वेल्समधील ६२ स्थानिक संस्थांच्या क्षेत्रांतील आकडेवारीवरून २०१५ साली एक अभ्यास झाला. मध्यरात्रीनंतर दिवे बंद ठेवणे किंवा मंद करणे यामुळे अपघात वा गुन्हे वाढल्याचा पुरावा त्यात आढळला नाही. परंतु तेथील रस्ता आणि आपला रस्ता सारखा नाही. आपल्याकडे महामार्गाच्या कडेने माणसे पायी चालतात, बैलगाडीला मागे लाल काच नसते, ट्रॅक्टरची ट्रॉली दिव्याविना उभी असते, गुरे रस्त्यावर बसतात. म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलून येथे लावणे चुकीचे ठरेल. त्यातून एवढेच घेता येते की ‘जितका उजेड तितकी सुरक्षितता’ हे सूत्र सिद्ध झालेले नाही. गावाजवळचा फाटा, एस. टी. चा थांबा, पायी ओलांडण्याची जागा, वळण, पूल, टोलनाका, येथे चांगला उजेड असलाच पाहिजे. मोकळ्या पट्ट्यात रस्त्यावर बसवलेले रिफ्लेक्टर, कडेची पांढरी रेघ आणि गाड्यांना लावलेल्या लाल पट्ट्या हे काम कमी खर्चात करतात. उघडा, डोळ्यांवर येणारा झगझगीत दिवा तर चालकाला क्षणभर आंधळाच करतो, आणि वय वाढलेल्या चालकाला अधिक. झोतातून बाहेर पडल्यावर अंधाराला पुरते सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. ज्या दिव्याचा झोत डोळ्यांत जात नाही त्याखाली रस्ता अधिक चांगला दिसतो. आणि असाच दिवा आकाशालाही कमी त्रास देतो. चालकाचे हित आणि तारे पाहणाऱ्याचे हित येथे एकच आहे.

इतर देशांना हा धडा महागात पडून मिळाला. अमेरिकेत माउंट विल्सनवरील शंभर इंची दुर्बिणीने १९२० च्या दशकात एडविन हबलला देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे दाखवून दिले. पायथ्याशी लॉस एंजेलिस वाढत गेले. दुसऱ्या महायुद्धात शहराची दिवेबंदी झाली तेव्हा, १९४३ च्या सुमारास, वॉल्टर बाडे यांना त्याच दुर्बिणीतून देवयानीच्या गाभ्यातले तारे वेगळे ओळखता आले. युद्ध संपले, दिवे परत आले, आणि १९८५ साली त्या दुर्बिणीचे काम काही वर्षांसाठी थांबवण्यात आले. शहराचा उजेड हे त्याचे एक प्रमुख कारण होते. उलट ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ या लहान शहराने १९५८ सालीच जाहिरातीच्या शोधझोतांवर बंदी घातली होती. चिलीने १९९८ साली आपल्या उत्तरेकडील प्रांतांत बाहेरच्या दिव्यांवर नियम लागू केले. फ्रान्सने डिसेंबर २०१८ च्या आदेशाने वर जाणाऱ्या प्रकाशावर आणि दिव्याच्या निळसरपणावर मर्यादा घातली. बेल्जियमचे मोटार-रस्ते रात्रभर उजळलेले असत आणि अवकाशातून तो देश ओळखू येई. त्यातील फ्लँडर्स प्रांताने २०११ पासून बऱ्याच मार्गांवरचे दिवे रात्री बंद ठेवण्यास सुरुवात केली.

आपल्याकडे शास्त्रज्ञांनी आजवर मुख्यतः दूर जाण्याचा मार्ग पत्करला. कवलूरची वेधशाळा १९६८ साली तमिळनाडूच्या जावडी टेकड्यांत सुरू झाली. पुण्याच्या आयुकाने आपली दोन मीटरची दुर्बीण २००६ साली शहरापासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, पुणे-नाशिक महामार्गाच्या आत, गिरवली येथे उभारली. लडाखमधील हानले येथे तर साडेचार हजार मीटर उंचीवर जावे लागले. संस्था अशी हलू शकते. तालुक्याच्या गावातील शाळा हलू शकत नाही.

हानलेभोवतीचा एक हजारांहून अधिक चौरस किलोमीटरचा प्रदेश डिसेंबर २०२२ मध्ये लडाख प्रशासनाने अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि तेथील खेड्यांतल्या चोवीस स्त्रीपुरुषांना दुर्बिणी देऊन प्रशिक्षित करण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला ‘डार्क स्काय पार्क’ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. भारतातील असा तो पहिला. पेंचची गोष्ट कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावी. तेथे गावे अंधारात लोटली गेली नाहीत. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले दिवे लावण्यात आले. वाटेवर उजेड राहिला आणि वर तारे राहिले. नागपूरहून उत्तरेला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ याच जंगलातून जातो. तेथे वन्यप्राण्यांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवण्यात आल्या, त्या पुष्कळ झगड्यानंतर. त्याआधी त्या अव्यवहार्य ठरवल्या जात होत्या. कामाच्या अटींत बसल्यावर त्या झाल्या. दिव्यांच्या बाबतीतही हेच घडू शकते.

मात्र राखीव क्षेत्रांवर समाधान मानता येणार नाही. त्यात एक धोका दडलेला आहे. सर्वत्र आकाश उजळू द्यायचे, चार-दोन ठिकाणी अंधार जपायचा, आणि तेथे पोचायला गाडी, निवासाचे भाडे आणि रजा ज्यांना परवडते त्यांनी तो पाहायचा, अशी व्यवस्था झाली तर जे फुकट होते त्याला तिकीट लागेल. गायरान असेच जाते. कोणी एक जण ते गिळत नाही. चहूबाजूंनी थोडे थोडे अतिक्रमण होते आणि एके दिवशी गुरे कोठे न्यावीत असा प्रश्न पडतो.

तेव्हा मागणी काय करायची? कायद्यातील उणीव पहिली. हवा प्रदूषण प्रतिबंधाच्या १९८१ च्या कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने आवाजाला प्रदूषक म्हणून स्थान मिळाले. प्रकाशाला अजून मिळालेले नाही. ते मिळावे. परंतु कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही, कारण बरेच काही निविदेच्या अटींत आणि ग्रामसभेच्या ठरावात करता येते. दिव्याचे तोंड सपाट जमिनीकडे असावे, काच बाहेर लोंबू नये, बाजूला झाकण असावे. खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. तो ३००० वा त्याहून कमी असावा, म्हणजे प्रकाश पिवळसर राहतो. रहदारी ओसरल्यावर मोकळ्या पट्ट्यातील दिवे मंद करण्याची सोय असावी. एलईडीत ती सहज होते. नवा हायमास्ट मागण्यापूर्वी त्याच पैशात वस्तीच्या बोळांत किती झाकलेले दिवे लागतात, याचा हिशेब ग्रामसभेत मांडावा. आणि वाचलेली वीज कोणाला मिळाली, हेही विचारावे.

हवेतील विष किंवा नदीतील मळी काढायला पिढ्या लागतात. प्रकाशाचे तसे नाही. दिवा झाकला की त्याच रात्री आकाश तेवढे परत मिळते. म्हणून या कामात हाती घेतलेले लहान पाऊलही लगेच दिसते. मोजणीही कठीण नाही. हिवाळ्याच्या निरभ्र, चंद्र नसलेल्या रात्री मृग नक्षत्राच्या चार कोपऱ्यांच्या आत किती तारे दिसतात ते शाळेतल्या मुलांनी मोजावे, तारीख, वेळ आणि जागा लिहून वहीत नोंदवावे, आणि दर वर्षी त्याच जागेवरून पुन्हा मोजावे. जगातील त्या अर्ध्या लाख निरीक्षणांतही साध्या डोळ्यांनी दिसणारे आकाश ताऱ्यांच्या नकाशांशी ताडून पाहिले होते. महामार्गाचे रुंदीकरण होण्यापूर्वीची एक वही आणि नंतरची एक वही ग्रामसभेपुढे ठेवली, तर अधिकाऱ्यांशी बोलायला दुसरा पुरावा फारसा लागणार नाही. येत्या हिवाळ्यात प्रत्येक तालुक्यातून अशी एक तरी वही सुरू व्हावी.